आत्याचं नाक

चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळद निवडली
इंदुमती आत्यानं. राजापुरी की सेलम,
डोळे मिटून सांगायची.
ओल धरलेलं पोतं तर ट्रकमधून उतरायच्या आधी.

म्हणून चारही बाटल्या मी
विश्रामबागेत तिच्याकडेच नेल्या.
"पिणार नाही. नुसता वास सांगते."

पहिली लंडन ड्राय.
"आत्ताच टोक केलेली पेन्सिल. हिला जोड कडूच दे."
टॉनिक ओतलं, लिंबाची साल पिळली.

दुसरी ओल्ड टॉम.
"गोडबोली आहे. आंबटाशिवाय वठणीवर यायची नाही."
लिंबू, सोडा, चिमूटभर साखर.
कॉकटेलचं नाव मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

तिसरी हॉलंडची, जेनेव्हर.
इथे ती जरा रेंगाळली.
"भिजत घातलेलं धान्य. हिच्यात काहीबाही कालवू नकोस."

चौथी नेव्ही स्ट्रेंथ, सत्तावन्न टक्के.
पेला नाकाशी नेला
आणि तसाच खाली ठेवला.

"तुझे मामा कोपऱ्यावर वळले की कळायचं मला
किती झाली, कुणाच्या पैशानं झाली.
नाक तिथं तयार झालं, पोरी.
हळद नंतर."

मी बूच लावायला घेतलं.
तेवढ्यात तिनं माझा हात पदराखाली ओढला
आणि दोन बोटं दाबली,
रुमालाखालच्या त्या सौद्यांत दाबायचे तशी,
जिथं तिला कधी कुणी बसू दिलं नाही.

मी दोन चमचे ओतली.
बर्फ तिनंच मागितला.