परिपत्रक क्रमांक सात

नियम मीच टाइप केले, एका बोटानं,
बेसा रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात,
जिथं खुर्च्या तीन आणि जुने कूलर पाच.
‘सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की’
इथवर आलो आणि चहा मागवला.

चौतीस वर्षं लोकांचे मीटर वाचले मी.
कोणाच्या घरात किती उजेड, ते आकड्यात कळायचं,
आणि कोणी तारेवर आकडा टाकलाय, तेही.
म्हणून सचिव मलाच केलं.
म्हणाले, बोरकुटे साहेब, विजेचं तुमालेच समजते.

तर, दिवे सणाच्या आठ दिवस आधी लावावेत,
सणानंतर पाच दिवसांत उतरवावेत.
आकाशकंदील कठड्याबाहेर वीतभरच.
लुकलुकणाऱ्या माळा नकोत,
समोरच्या दुरुगकर बाईंचं डोकं उठतं.
रात्री दहाला सगळं बंद.

सण म्हणजे कोणता, ते लिहायचं राहिलं.

एप्रिलात खोब्रागडेंनी चौथ्या मजल्यावरून
थेट पार्किंगपर्यंत निळी माळ सोडली.
ठवकर धावत आले, ‘हे यादीत नाही.’
म्हटलं, ‘यादीच नाही बाप्पा.’
खोब्रागडे हसले नाहीत.
‘दसऱ्याले अख्खी दुनिया येते नागपुरात,
अन् तुमाले यादी पायजे?’
बैठक झाली. आलूबोंडे संपले, सणाची व्याख्या झाली नाही.

डिसेंबरात रूथ साळवेंचा कागदी तारा
चार बोटं जास्त भरला.
पट्टी मीच धरली होती.
त्यांनी मला केक दिला.
मी खाल्ला.

उतरवलेल्या माळा लोक चौकीदाराच्या केबिनमागे टाकतात.
संक्रांत होऊन गेली होती. थंडी अशी,
की कुत्री गरम बॉनेट शोधत फिरत होती.
खाली पाहिलं, तर केबिन पेटल्यासारखी.
हिरवं, निळं, पिवळं, मधेच नुसती वायर,
सगळ्या फ्लॅटांचे सगळे सण
एकमेकांत गुंतलेले.

चपला घालून उतरलो. परिपत्रक खिशात.
‘कोणता सण आहे रे आज?’
लालसू मडावी उभा राहिला.
टोपी शोधली, सापडली नाही.
‘सण नाही साहेब. गावात लाइट आली.’

भामरागडच्या पुढं, नदी ओलांडून, अठरा घरं.
भाऊ टेकडीवर चढून बोलला, रेंज तिथंच येते.
खांब दोन वर्षांपासून नुसते उभे होते,
लोक त्यांना बैल बांधायचे.
‘दोन तास राहिली साहेब. मग गेली.
पण आली होती.’

कोराडीच्या क्वार्टरात राहायचो तेव्हा
वाळत घातलेल्या शर्टावर राख पडायची.
एवढी वीज जाते कुठं, कधी विचारलं नाही.
किती गेली, तेवढं वाचायचो.

परिपत्रकात ‘सदनिका’ लिहिलंय.
केबिन सदनिका नाही.
तिला नियम नाही, हे त्या रात्री कळलं,
आणि दारही नाही, हेही.

एक माळ मधूनच मेलेली होती.
‘हे काहून बंद?’
‘दोनशे तीनवाल्यानं तशीच फेकली होती.’
‘टेस्टर आण.’
टेस्टर त्याच्याकडे कुठून असणार.
तीन मजले चढलो, माझा घेऊन आलो,
आणि फरशीवर मांडी घालून बसलो,
एकेक दिवा हलवून पाहत.

दहा कधीच वाजून गेले होते.
ठवकरांच्या खिडकीतला पडदा हलला.
‘सतरावा ढिला हाय,’ मी म्हटलं,
‘जरा पकड इकडून.’