चालीचं नाव: तिंडवॉग

गीतपुस्तकात पान एकशे अठरा.
उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत:
चाल तिंडवॉग, संगीत आन्फिन ल्योव्होस, शाळामास्तर.
शब्दांच्या धन्याचं नाव डावीकडे, जरा ठळक.
ते पाळक होते, आणि या बेटावर
तीनच हिवाळे टिकले.

बाकीचे कोपऱ्यात मावले नाहीत.

एडविन क्लुब्ब, कॉडच्या काळजांचं तेल काढणारा.
देवळातले दिवे त्याच्या तेलावर जळायचे
आणि त्याच्या सदऱ्याच्या वासावर मंडळी
दोन बाकं सोडून बसायची.
स्वरलिपी त्याला जाळ्यात अडकलेल्या पिल्लांसारखी दिसे.
तो खर्जातला एकच सूर धरायचा, सोडायचाच नाही.
मास्तरांनी शेवटी हात टेकले
आणि सगळी चाल त्या सुराला बांधली,
जशी धक्क्यावरच्या खुंटाला होडी.

आणि राग्नफ्रिद, भाता मारणारी.
ऑर्गनच्या मागे, फळीआड, वीस वर्षं.
वेदी तिने पाहिली ती लग्नात आणि मयतात.
एरवी ओली भिंत, आणि पायात लाकडी बूट:
डावा, उजवा, डावा.

इथे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य जातो
आणि जानेवारी संपता संपता
डोंगराच्या खांद्यावरून डोकावतो, चार मिनिटं,
उसने पैसे परत करायला आलेल्यासारखा, ओशाळा.
त्या रविवारी पोरांना गोड पाव
आणि मोठ्यांना हे गीत.

पहिल्यांदा म्हटलं त्या वर्षी
भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं.
तिसऱ्या ओळीपर्यंत निभावलं.
'ये प्रकाशा, दाराशी थांबू'
इथे हवा संपली.
थांबू, आणि पुढे काही नाही.
ऑर्गन म्हाताऱ्या बैलासारखा उसासला.
बाहेर समुद्र होता, तो तेवढा ऐकू आला.
मग फळीआडून दोन पाय आपटले, धप्, धप्,
भाता भरला,
आणि सगळी मंडळी एका दमात म्हणाली:
'नकोस.'

चाल राजधानीला पाठवताना मास्तरांनी
नेमक्या त्या जागी विराम लिहिला,
वर एक कमान, कमानीखाली टिंब.
का, ते लिहिलं नाही.
संपादकांनी तळाशी टीप दिली:
'येथे भाविकाने आपले अंतःकरण तपासावे.'
तिकडे दूर, मोठ्या शहरांतून, झुंबरांखाली
हजार माणसं अजून तपासतात.

मी हे सगळं उशिरा वाचलं, हिशेबाच्या वहीत.
'भात्यासाठी सीलचं कातडं, उंदरांमुळे: सहा क्रोनर.
भाता मारल्याबद्दल राग्नफ्रिदला: पंचवीस ओरे.
तिच्या बुटांना नवे तळ: नामंजूर.'

त्याआधी मी दक्षिणेतून नवी नवी आले होते,
दोन पदव्या आणि पातळ मोजे घेऊन.
भाता आता विजेवर चालतो.
हवा संपत नाही, उंदरांचे पणतूही मेले.
मला तो विराम वाक्य तोडणारा वाटला,
क्रियापदाच्या मानेवर पाय दिल्यासारखा.
म्हणून पहिल्याच जानेवारीत मी तो गाळला,
सरळ वाजवत गेले: थांबू नकोस.

थांबले. सगळे.
माझा एकटा स्वरसमूह देवळाभर,
बुटांसकट स्वयंपाकघरात शिरलेल्या पाहुण्यासारखा.
मी हात उचलले.
मग तिसऱ्या बाकावरून, मागून, पोरांच्या रांगेतून,
साठ जणांनी पाय आपटले,
धप्, धप्,
आणि पुढचा शब्द म्हटला.

नंतर कॉफी पिताना मी विचारलं, हे काय?
एक म्हातारी म्हणाली, काय म्हणजे?
पाय गार पडतात, बाई.

आता त्या कोपऱ्यात, माझ्या प्रतीत,
शिसपेन्सिलीने दोन नावं जास्त आहेत.
राग्नफ्रिदचं आडनाव वहीत सापडलं नाही.
तिथे मी एक कमान काढली आहे
आणि तिच्याखाली टिंब.