एकसष्ट प्रती

मासेमारी बंदीचे एकसष्ट दिवस
मिरकरवाड्याचा बर्फाचा कारखाना निजलेला असतो.
किल्ली तन्वीरच्या मामाकडे.
आम्ही अँप ताडपत्रीत गुंडाळून आत नेले,
लाद्या फोडायच्या यंत्राला माइक बांधला
आणि गौरांगने त्याच्या पात्यांवर ते वाजवलं
जे ड्रमवर त्याला कधी जमलं नव्हतं.

बँडचं नाव डिझेल परतावा.
(तोही अजून आलेला नाही.)
चार ट्रॅक, अठरा मिनिटं.
गुणगुणावं असं त्यात काही नाही,
तिसऱ्यात तर नुसता कॉम्प्रेसर दम खातो
आणि मी एकच तार पिळत राहतो.

दिवसाला एक, म्हणून प्रती एकसष्ट. कॅसेटवर.
कोऱ्या कुठून मिळणार आता?
राजिवड्याच्या भंगारवाल्याकडून गोणीभर आणल्या, वजनावर,
जुन्यावर नवं चढवलं.
कव्हर आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं,
काहींवर ‘हापू’ एवढंच उरलंय.

तेविसावी घेऊन कुलसुम वस्ता आली.
नातवाने घेतलेली. लावली आणि बंद करायला उठलाच नाही.
म्हणाली, तुमचा कचकचाट संपल्यावर
आमचे बाबा बोलतात.

आम्ही लावली.
अठरा मिनिटं ती ताठ बसून राहिली
लोखंडी खुर्चीत, ओढणी सारखी करत,
पात्यांचा एकेक घाव अंगावर घेत.
मग टक्.
आणि कुवेत. मागे पंखा,
कुणीतरी भांडी घासतंय.
“...तर ते पत्रे घालून घ्या पावसाच्या आदी.
कुलसूला सांगा, घड्याल घेतलाय.
अजून कॅसेटीत जागा हाय,
पन काय बोलू ते सुचत नाय.”
पुढे तो गप्प.
त्याचं गप्प बसणंही टेप झालेलं,
बाजू संपेपर्यंत.

“याच्या आदी काय होता?” तिने विचारलं.
तन्वीर अमोनियाच्या नळ्या मोजत राहिला.
याच्या आधी
आता आम्ही आहोत.

जाताना तिने कॅसेटची किंमत विचारली.
नातवाने दिलीय म्हटलं, तरी
एकशेवीस रुपये यंत्रावर ठेवले.

तेव्हापासून उरलेल्या साठ जणांना फोन लावतोय:
आमचं संपलं तरी बंद करू नका,
चालू द्या, कोण आहे बघा.
अकरा जणांनी उचलला.
लांज्याचा एक जण म्हणाला, टेपरेकॉर्डर कुणाकडे असतो?
छान आहे, मी ती भिंतीवर लावलीय.