कवचासकट

निवेस वेटरला विचारू लागली
की मी मेनूकार्डात तोंड खुपसतो.
बावीस वर्षांची सवय.

पास्ता उकळायचं पाणी वेगळं का?
झारा तोच?
तळणीच्या तेलातून आधी काय काय पोहून गेलंय?
आवाज चढवत नाही ती.
दुसऱ्याच्या घरात मूल झोपलेलं असावं
तशी विचारते.

वेटर कोवळा, एका कानात बाळी.
"सिन्योरा, फरिनाता घ्या की.
हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ.
थोडंसं इकडचं तिकडे झालं, तर काय होतंय?"

थोडंसं.
साव्होनाला भाचीच्या लग्नात थोडंसंच झालं होतं.
चमच्याला चिकटलेला एक कण,
आणि चार दिवस आतड्यांची कणीक तिंबून निघाली.
मी बाथरूमच्या दाराबाहेर बसून
लग्नातले साखरेचे बदाम खात होतो.
तेव्हापासून ती ताकच काय,
पाणीसुद्धा फुंकून पिते.

"आचाऱ्यांना बोलवाल?"

बाचिचा आला. म्हातारा, भुवयांवरही पीठ.
हात ॲप्रनला पुसले,
मग ॲप्रनकडे बघितलं.
"भट्टी एकच आहे, बाई.
सकाळी तिच्यात फोकाच्चा, संध्याकाळी फरिनाता.
लाकडी फावडं तेच.
मी शिंकलो तरी इथं गहू उडतो.
माझ्याकडे नका जेवू."

शेजारच्या टेबलावरचे काटे थबकले.
मला वाटलं, आता उठायचं,
बंदरावरून घरापर्यंत न बोलता चालायचं.
पण निवेसने खुर्ची पुढे ओढली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
कुणी तिला पोटभर वाढावं, तसा चेहरा.

म्हातारा आत गेला.
नळ वाहत राहिला, बराच वेळ.
परत आला तो बशीशिवाय.
कागदी रुमालात एक उकडलेलं अंडं,
वाफाळतं, कवचासकट.
"सोला तुम्हीच. माझा हात नको."

पर्समधल्या स्वतःच्या चमच्याने
तिने त्यावर टकटक केली.
कुणाचं दार वाजवावं, तशी.
मीठही नव्हतं. तिने मागितलं नाही.

माझ्यापुढचा पाव मी लांब सरकवला
आणि तिचा हात धरायला गेलो.
मग आठवलं.
उठलो,
आधी हात धुवून आलो.