ढोम्याची मापं

मिरजेच्या बाजारात पहाटे साडेपाचला
आंबा घाटातली गाडी येते.
थर्माकोलच्या पेट्या, भुशातला बर्फ,
आणि समुद्र म्हणून आमच्या वाट्याला येतो तेवढा
खारट पाण्याचा एक ओघळ, गटारीपर्यंत.

शमशादबी माझ्यासाठी दोन पाट्या वेगळ्या ठेवते.
ही खाडीची. ही बाहेरची, खडपाकडची.
मासा एकच, ढोमा.
"डोळे बांध माझे," म्हणते,
"हातावर ठेव, सांगते कुठला ते."
तेवढंच सांगायला मी सहा महिने कॅलिपर लावतेय.

प्रयोगशाळेत पंखा बंद, नाहीतर कागद उडतात.
मुस्काटापासून परापर्यंत,
पाठीच्या उंचवट्यापासून पोटाच्या खोलीपर्यंत.
खाडीतला बुटका, पोटाला सैल,
तोंड खाली वळलेलं, चिखलाशी बोलून बोलून.
बाहेरचा सडसडीत, जबडा वर,
कल्ल्यातली गाळणी दाट.

मग कात्रीचं टोक पोटात, हलक्या हातानं.
गाळ, वळवळ थांबलेले किडे, शिंपल्यांचा चुरा.
दुसऱ्यात जवळा, मिशांसकट अख्खा,
आत्ताच गिळल्यासारखा.
एकाच्या पोटात काहीच नव्हतं.
रकान्यात शून्य लिहिलं.
शून्य धरूनच सरासरी काढायची असते.

मी चौगुल्यांची. आमच्याकडे कांदासुद्धा येत नाही.
आई दिवस मावळायच्या आत जेवते, पाणी गाळून पिते.
माझा एप्रन न्हाणीबाहेरच्या खुंटीला;
तो ती काठीनं उचलते.
मी काय कापते, तिनं कधी विचारलं नाही.

काल भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता:
"काय खाल्लेलं असतं गं त्यांनी?"
सांगितलं. चिखल. किडे. जवळा.
एकानं काहीच नाही.
तवा तापत राहिला.
"तो उपाशी कुठल्या पाटीतला?"

वही काढली.
लांबी होती, उंची होती,
वजन एकशे बारा ग्रॅम.
पाटीच्या रकान्यात बर्फाच्या पाण्यानं
शाई फुटलेली.

शमशादबीच्या हातावर ठेवावा
तर मासा विभागामागच्या मांजरीनं
तेव्हाच नेलेला.
ती हल्ली पोटाला सैल झालीय.
मापं घ्यायची तर आता तिची.

आईनं भाकरी उलटली.
"निदान शून्य तरी नीट लिहीत जा," म्हणाली.