तिसऱ्याच्या वर नाही

मुठे धरायला निघायचं त्या संध्याकाळी
रावज्यामामा आधी दोरी काढतो.
वाखाची, हातभर. तिला गाठी मारतो:
पहिली उंबराचा ओहळ, दुसरी मोडका बांध,
तिसरी, जिथे दोन ओहळ मिळतात.
मामीच्या हातात देतो.
"तिसऱ्याच्या वर नाही."
मामी ती चुलीमागच्या खुंटीला अडकवते.
शोधायला कुठवर यायचं,
ते घरात कुणाला तरी ठाऊक हवं.

मी दिवसा पवईत घरोघर पार्सलं पोचवतो.
फोन बघून म्हटलं, आज पाऊस वीस टक्के.
मामा म्हणाला, "म्हणजे अंगाचा कुठला भाग भिजणार?"

मेणकापडात काडेपेटी, काड्या मोजून अकरा.
तंबाखूच्या डबीत मीठ, जळवांना.
भाकऱ्या दोन. एक खायची,
दुसरी फक्त अडकलो तर,
नाहीतर ती तशीच परत आणायची.
मी इरलं नको म्हणालो, प्लास्टिक घेतो.
"प्लास्टिक वाऱ्याचं ऐकतं,"
आणि इरलं माझ्याच पाठीवर.

पितृपक्षातली काळी रात्र.
अशा रात्री मुठे बिळाबाहेर बसतात,
बॅटरी डोळ्यांत मारली की हलत नाहीत.
दोन ओहळांच्या जागी पोचेस्तोवर
माझ्या गोणीत तेरा झाले.
मागे झाडांच्या फटीतून पवईचे टॉवर
मजल्यावर मजला जागे.

मग बेडूक गप्प झाले,
सगळे, एकाच दमात.
मामाने बॅटरी पाण्यावर धरली.
पाण्यावरून काटक्या येत होत्या,
सुका पाला, मुठीएवढा फेस.
आमच्यावर थेंब नाही. डोक्यावर चांदण्या.
"वर पडतोय," म्हणाला. "निघ."

चौदावा कपारीत होता,
नांगी माझ्या तळहाताएवढी.
म्हटलं, एवढा एक.
मामा काही बोलला नाही.
स्वतःची गोणी ओहळात उलटी केली
आणि मोकळ्या हातांनी कड चढू लागला.
त्याची पाठ दिसेनाशी होत चालली,
तेव्हा मीही उलटी केली.

आधी वास आला, उकरलेल्या मातीचा.
मग खाली दगड दगडांवर आपटल्याचा आवाज.
मग पाणी, लाल, पुरुषभर,
मी वाकलो होतो तो पाषाण गिळत गेलं.
पाऊस त्यानंतर आला.

सागाखाली नाही, कड्याच्या टोकाला नाही,
करवंदीच्या जाळीशेजारी उकिडवं.
कोयता वीस पावलांवर टाकलेला.
वीज पडली की डोंगर पांढरा,
आणि पवई नाहीच,
कुणी पुसून काढल्यासारखी.
मामा मध्येच हाक मारायचा,
मी ओ द्यायचा. बाकी बोलणं नाही.

दुसरी भाकरी तांबडं फुटायला तोडली.
तेवढ्यात फोन थरथरला.
काय म्हणतोय, मामाने विचारलं.
"सावध राहा म्हणतोय. पाऊस येणार आहे."
"हां," तो घास गिळत म्हणाला,
"उशिरा का होईना, कळलं त्याला."

घरी मामीने मुठे किती ते विचारलं नाही.
खुंटीवरची दोरी काढली,
तिसरी गाठ सोडली, दुसरी सोडली.
पहिली ओली नव्हती तरी सुटेना,
दात लावून सोडली.

खुंटीला आणखी एक दोरी आहे,
धुराने काळी, तिला चार गाठी.
बा सशामागे गेला होता.
माणसं चौथ्या गाठीपर्यंत शोधून आली.
तो त्याच्या वर होता.
ती दोरी कुणी काढत नाही,
सारवताना मामी खुंटीच्या कडेकडेने हात फिरवते.

पायाला दोन जळवा होत्या.
मीठ उरलं होतं, ते लावलं.
नऊला पवईत पहिलं पार्सल.
निघताना मामाने विचारलं, कुठे कुठे जाणार आज?
मी इमारतींची नावं सांगत होतो
आणि तो
उरलेली वाखाची दोरी शोधत होता.