भेटीचे प्रयोजन

इलियासच्या दुकानात, पद्मावतीला,
झेरॉक्सच्या उबेशी स्टूल ओढून
मी अर्ज भरते आहे. नाव. वय सदुसष्ट.
पत्त्यात जुन्या सवयीनं 'पुणे सदतीस' लिहिलं,
मग त्यानंच सहाही आकडे टाइप केले.
माझ्याकडे नागरिकशास्त्रात
वीसपैकी चार मिळवायचा हा.
"साडेचार, बाई," म्हणतो, मान न वळवता.

तीस वर्षं शिकवली मी ती इमारत.
लोकसभा, राज्यसभा, फरक स्पष्ट करा.
वर्तुळ काढायला सगळ्यांकडे कंपास नसायचा,
मग माझ्या हातातली बांगडी फिरायची
बाकावरून बाकावर, आणि तास संपता संपता
परत यायची शिसं लागून काळपट.
एकदा आलीच नाही.
मी चौकशी केली नाही, तीन रुपयांची तर होती.
त्या वर्षी संसद मात्र छान आल्या सगळ्यांच्या.

खांब एकशे चव्वेचाळीस.
हाच आकडा आमच्या चौकात लागायचा
तेव्हा दुकानांची शटर अर्धी खाली यायची
आणि घोळक्यानं उभं राहायचं नसायचं.
वर्गात हे मी कधी बोलले नाही.
पुस्तकात नव्हतं.

आता तिथं कामकाज होत नाही म्हणे.
शेजारी नवी झाली, तिला कोपरे आहेत.
बांगडीनं यायची नाही.

सोबत सोनूबाई लोखंडे.
सव्वीस वर्षं आमच्या शाळेच्या शिपाई,
अजूनही दारात चपला काढून आत येतात,
झेरॉक्सच्या दुकानातसुद्धा.
संसदेचा तक्ता त्याच टांगायच्या खिळ्याला,
आतली बैठक वरून दाखवणारा,
गोलात गोल, मध्ये सभापतींचा ठिपका.
परवा शेवया वळता वळता म्हणाल्या,
"एक साल उलटाच लटकवला होता, बाई.
जूनपासून दिवाळीपर्यंत. साहेब येऊन गेले तपासणीला.
कुणाच्या ध्यानात न्हाई आलं."
माझ्याही नाही. त्या वर्षीचा निकाल एक्क्याण्णव टक्के.

तर झेलमचे दोन लोअर बर्थ,
माझा गुडघा आणि त्यांचा बीपी, दोघांना खालचेच.
खासदारांच्या कचेरीतून पत्र आणायचं,
तिथला मुलगा 'सोमवारी या' म्हणतो, कुठल्या ते सांगत नाही.
आधारवरचं सोनूबाईंचं नाव 'सोनाबाई' आहे,
बँकेतलं 'सोनुबाई', ऱ्हस्व.
इलियास म्हणतो, दरवाज्यावर अडवतील.
मी म्हणते, अडवू देत, मी शुद्धलेखनही शिकवलंय.
स्वेटर धाकट्या सुनेचा. गूळपोळ्या दोन दिवस टिकतात.
आत मोबाइल नाही, पिशवी नाही,
पोळ्या कुठं ठेवायच्या हे कुणी सांगेना.

मग तो रकाना आला : भेटीचे प्रयोजन.
फक्त वीस अक्षरं मावतात.

मी 'शैक्षणिक' म्हणाले. इलियास हसला,
"बाई, रिटायर झालात."
मी 'तपासणी' म्हणाले आणि मलाच ओशाळं झालं.
तीस वर्षं लाल पेन चालवून
माणूस इमारतीलाही गुण द्यायला निघतो.

सोनूबाई काचेवरचा हात काढून म्हणाल्या,
"तिथं उभ्यानंच बघायचं, का बसू देत्यात?"

स्टाफरूममध्ये अकरा खुर्च्या होत्या.
मी मोजत बसले. आम्ही दहा जणी.
अकरावीवर वह्या असायच्या,
मस्टर, खडूचा खोका, कुणाची तरी पर्स.

मी इलियासला म्हटलं, लिही.
"काय लिहू?"
लिही, बसायचं आहे.
त्यानं मान वळवून पाहिलं, पहिल्यांदाच.
मग टाइप केलं, मोजलं.
मावलं.

पैसे नको म्हणाला. मग घेतले,
प्रतींचे तेवढे, चौदा रुपये.